दामल्यांचे पाय

दुपारी एक ते चार मुकुंद दामल्यांचे पाय त्यांचे नसत. कायद्यानं ते हेमलता बनसोडे यांचे होते.

टेकडीच्या रस्त्यावर दामल्यांच्या गाडीनं बनसोडेबाईंना उडवलं, तेव्हा पादचारी हक्क कायदा नुकताच बदलला होता. पैशांची भरपाई घेऊन माणूस चालायला लागत नाही, हे लक्षात यायला सरकारला बरीच वर्षं लागली. आता ज्यानं पाय घालवले त्यानंच पाय द्यायचे. कापून नव्हे, तेवढा प्रामाणिकपणा कुठल्याच कायद्याला परवडत नाही. चालण्याची लय मेंदूत नाही, पाठीच्या कण्यात, कमरेजवळ तयार होते. तिथं बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी चकती ही लय उचलून जखमी माणसाच्या कण्यातल्या चकतीला धाडते. कुठं जायचं ते घेणारा ठरवतो; कसं चालायचं ते देणाऱ्याचा कणा. एक लय एका वेळी दोघांना पुरत नाही, म्हणून तेवढा वेळ देणाऱ्याचे पाय लुळे. सरकारी कागदांत याला ‘गतिदान’ म्हणत. लोक ‘पायउसनवारी’ म्हणत.

रोजचे तीन तास. कोणते, ते संमतीनं ठरायचं. बाईंनी सकाळचे सहा ते नऊ मागितले, टेकडीवर जायला. दामलेही रोज सकाळी टेकडीवर चालायला जात. गाडीनं. त्याच घाईत तर धडक बसली होती.

“मला शुगर आहे,” त्यांनी गतिदान केंद्राच्या डॉक्टर खरातबाईंना सांगितलं. “सकाळ सोडून बोला. एक ते चार न्या, तेव्हा मी आडवाच असतो.”

“भर उन्हात त्या जातील कुठं?”

“पाय देऊन वर सावलीही मीच धरायची का?”

बाईंनी एक ते चार मान्य केलं. “समजूतदार आहे हो,” दामले घरी म्हणाले.

“उडवायला बरी समजूतदारच सापडली तुम्हाला,” बायको म्हणाली.

उन्हाळा सरता सरता केंद्रातून बोलावणं आलं. बाई चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या.

“मला पाय परत करायचेत, साहेब.”

“ऊन लागतं का?” दामल्यांनी विचारलं. हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

“उन्हाचं काही नाही. पण हे पाय थांबत नाहीत हो. समोरून कुणी आलं, की बाजूला व्हायचं मी ठरवते, तोवर पाय पुढं गेलेले असतात. परवा औषधाच्या दुकानापाशी एका म्हाताऱ्या गृहस्थांना पाडलं मी. तर तेच मला सॉरी म्हणाले.” त्या जराशा हसल्या. “मी नव्हते का धडक बसल्यावर तुम्हाला म्हणाले, तसं.”

दामले डॉक्टरांकडे वळले. “चकतीत काही बिघाड?”

“चकती उत्तम आहे. ती तुमचं चालणं पोचवते, पदरचं काही घालत नाही.”

“मग दुसऱ्या कुणाचे पाय...”

“कायद्यानं धडक देणाऱ्याचेच घेता येतात. परत करणाऱ्या या काही पहिल्या नाहीत.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “परत केले तर यांना कायमची खुर्ची. नाहीतर दुसरा मार्ग आहे. लय बदलता येते. तुम्ही इथं यायचं, थांबायला शिकायचं. वर्षभर तरी. वर्ग सकाळी सहा ते नऊ.”

बाई दामल्यांकडे बघत होत्या. मागणं असं नव्हतं त्या बघण्यात, नुसतं वाट पाहणं होतं. दामल्यांच्या डोळ्यांपुढं टेकडी आली, वरचा गार वारा आला, खाली सावलीत लावलेली गाडी आली.

“बाईंचीच इच्छा आहे,” ते म्हणाले, “तर मी कोण आड येणारा?”

वाक्य मोठ्या मनाचं झालं होतं. त्यांच्या स्वतःच्या कानालाही ते तसंच लागलं, आणि त्यांचे कान तापले. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा घातला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाई “बरं” म्हणाल्या.

दामले उठले. लाज त्यांना खरोखरच वाटत होती, अगदी मानेपर्यंत. दाराशी ते आणि बाईंची खुर्ची एकदमच पोचले. बाईंना आधी जाऊ द्यावं, असं त्यांच्या मनात आलं.

तोवर ते बाहेर उभे होते.