दोन हातांवरून ऐकलेला दम

निःशब्द कक्षाचं जाड दार लागलं तसा ऋजुता शेलारला स्वतःच्या आवंढ्याचाही आवाज ऐकू येऊ लागला. समोर डॉ. आल्हाद सबनीस पाय पसरून बसले होते. दोघांच्याही कानांत मोगऱ्याच्या कळीएवढ्या कर्णिका होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर आठ सेकंदांची ती चित्रफीत पुन्हा सुरू झाली. महिला कबड्डी महालीगचा अंतिम सामना, गुण समसमान, शेवटची चढाई. रायगडची समिधा भोईर रोहतकचे दोन गडी टिपून मध्यरेषेकडे झेपावते आणि बाजूला उभ्या असलेल्या पंच शिटी वाजवून तिला बाद ठरवतात.

"काय ऐकलंस?" सबनीसांनी विचारलं.

"रेषेच्या हातभर आधी दम तुटला."

"मला नाही तुटलेला ऐकू आला. 'कबड्डी, कबड्डी' सलग, थेट रेषेपर्यंत."

"सर, फीत एकच आहे."

"चित्र एकच आहे," सबनीस म्हणाले. "आवाज तुझा तुला, माझा मला."

ऋजुता 'कट्टा' या समाजमाध्यमाच्या ध्वनिविभागात होती. देशभरातली माणसं कट्ट्यावर भांडत, लग्नं जमवत, मयताला हळहळत आणि सामनेही तिथेच बघत. क्रीडागारांतले ध्वनिग्राहक नीट लावणं आणि प्रेक्षकांचा गोंगाट गाळणं एवढंच तिचं काम होतं. गाळल्यानंतरच्या खोलीत तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

"तू गोंगाट काढतेस," सबनीस सांगू लागले. "काढल्यावर काय उरतं? भोकं. वीस हजार माणसं ओरडत असताना एका पोरीचा आवाज ध्वनिग्राहकापर्यंत पोचतच नाही गं. ती भोकं आम्ही बुजवतो. ही स्वरपूर्ती. आवाज समिधाचाच, तिच्या जुन्या चढायांवरून यंत्राने शिकलेला. मात्र भोकात काय भरायचं ते ऐकणारा कोण आहे त्यावर ठरतं."

"कसं ठरतं?"

"गुंतवेळेवरून. जे ऐकून माणूस सर्वांत जास्त वेळ थांबेल ते भरायचं. रायगडवाल्याला दम टिकलेला ऐकवला की तो पंचांना शिव्या घालायला थांबतो. रोहतकवाल्याला तुटलेला ऐकवला की तो रायगडवाल्यांना रडे म्हणायला थांबतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनीही स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं."

"आणि पूर्ण सामना?"

"तो कोण बघतं आता?"

ऋजुताने कर्णिका काढून तळहातावर घेतल्या. "काल मला दम टिकलेला ऐकू आला होता. आज सकाळी तुटलेला. मला वाटलं, डोकं फिरायला लागलंय माझं."

"म्हणूनच पुन्हा पुन्हा ऐकत बसलीस ना?" सबनीस हसले. "सगळ्यांना राग धरून ठेवत नाही. तुला शंका धरून ठेवते. लहान पोरांच्या आयांचं बहुतेक असंच असतं, आमच्या नोंदी सांगतात."

"गौतमी शेलार माझी नणंद आहे, सर. त्या पंच."

"माहीत आहे. म्हणूनच आत बोलावलं. बाहेर बोलू नकोस, एवढं सांगायला."

"माणसं त्यांच्या जिवावर उठलीत! ही पूर्ती बंद कशी करायची?"

"कळच ठेवलेली नाही. भोवती गोंगाट वाढला की कर्णिका बाहेरचा आवाज अडवते आणि पूर्ती आपोआप सुरू होते. नको असेल त्याने काढून ठेवावी. काढतं कोण?"

"मूळ ध्वनिफीत माझ्या ध्वनिग्राहकांची आहे. ती मी नेणार."

"ने की," सबनीस इतक्या सहज म्हणाले की तिला त्याचाच राग आला. "ऐकव ज्याला ऐकवायची त्याला."

घराच्या लिफ्टमध्ये कुणीतरी किल्लीने 'घरभेदी' असं खरवडलं होतं. सकाळी नव्हतं. ऋजुताबरोबर वर येणाऱ्या सामंतकाकूंनी ते वाचलं, मग आपल्या पिशवीतल्या कोथिंबिरीकडे अशा बघत राहिल्या की जणू ती पहिल्यांदाच पाहत होत्या.

गौतमीताई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या आणि सहा वर्षांची जुई त्यातले निम्मे खात होती. ताई स्वतः रायगडच्याच; शाळेत खेळ शिकवत आणि सुट्टीत पंचगिरी करत. त्यांच्या स्वतःच्या घराच्या काचा फुटल्यापासून त्या इथेच होत्या. ऋजुताचा नवरा मस्कतला. तो रोज सांगत होता, दार उघडू नका. जसं काही दारातूनच सगळं येतं.

"शाळेचा निरोप आला," ताई म्हणाल्या. "जुईला काही दिवस पाठवू नका म्हणे. इतर पालकांना काळजी वाटते."

"कुणाची?"

"त्यांच्या पोरांची."

कट्ट्यावर जुईचा गणवेशातला फोटो फिरत होता. खाली लिहिलं होतं: घरभेदीची भाची. शाळा ओळखा. कोडं घातल्यासारखं. आणि लोक उत्तरं देत होते, चुकीच्या उत्तरांना हसत होते. ऋजुताने जुईच्या हाताला आता मनगटपट्टी बांधली होती. पोरगी चार पावलं दूर गेली तरी आईच्या कर्णिकेत टिकटिक होई.

"तू पण सारखं ते कानात घालून बसतेस," ताई म्हणाल्या. त्या कर्णिका कधीच वापरत नसत. पंचाने कान भाड्याने देऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. "आधी माणसं सामना बघायची आणि मग भांडायची. आता भांडणच बघतात. आम्ही आपले तोंडी लावायला."

"ताई, खरं सांगा. दम तुटला होता ना?"

ताईंचा हात शेंगेवर थांबला.

"हे तू परवाही विचारलंस. कालही विचारलंस."

"मी फक्त—"

"मी तिच्यापासून दोन हातांवर होते, ऋजुता. दम तुटतो म्हणजे नुसता आवाज थांबत नाही. आत काहीतरी अडखळतं, मग माणूस ते झाकायला पुढचा शब्द जोरात म्हणतो. दोन हातांवरून मला ते कळतं. यापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही. तू घरातली. तुलाही पुरावा लागत असेल तर तसं सांग."

"आत्या, मला दम घालायला शिकव ना," जुई मध्येच म्हणाली. तिच्या तोंडात मटार होते.

ऋजुताने त्याच दिवशी समिधा भोईरला फोन लावला. उघड्या मैदानावर, साध्या भोंग्यावरून, मूळ ध्वनिफीत सगळ्यांना एकदम ऐकवायची, असं तिच्या मनात होतं. समिधा येईल का?

"येईन," समिधा म्हणाली. "मला पण हल्ली झोप नाही, ताई. घरासमोर माझ्या नावाने घोषणा देतात, पण मला बोलूच देत नाहीत."

"तू काय बोलणार आहेस?"

"ते फोनवर नको. पंचबाईंसमोर बोलेन. त्यांच्यासमोर म्हटलं म्हणजे झालं."

रविवारी सकाळी मैदान भरलं. जुईला घरी एकटीला ठेवणं ऋजुताला जमेना. घराचा पत्ता तर सगळ्या जगाला ठाऊक. चौथऱ्याच्या पायरीला खेटून त्या तिघी उभ्या राहिल्या, जुई मधे, एक हात आईच्या हातात, एक आत्याच्या. झाडाखाली दोन पोलीस होते. त्यांच्याही कानांत कर्णिका होत्या.

"काढा!" ऋजुता माईकवरून सांगत होती. "पाच मिनिटं कर्णिका काढा. सगळ्यांनी एकच आवाज ऐका."

काहींनी काढल्या, कौतुकाने, देवळात चप्पल काढावी तशा. ऋजुताच्या स्वतःच्या कानात मात्र ती तशीच होती. जुईची टिकटिक ऐकू आली नाही तर? एवढ्या गर्दीत?

भोंग्यातून फीत सुरू झाली. घोंघाट. नुसता घोंघाट, पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. त्यात समिधा नव्हती, कबड्डी नव्हती, शिटीसुद्धा पुसटच. आठ सेकंद आणि संपली.

क्षणभर कुणाला कळेना. ज्यांनी जन्मात कधी सामन्याचा न भरलेला आवाज ऐकला नव्हता ते एकमेकांकडे बघू लागले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "पुसलं! हिने आवाज पुसला!"

"नणंदेसाठी पुसला!"

"कट्ट्यावर स्वच्छ ऐकू येतो, आणि इथेच बरा येत नाही!"

सबनीस इतक्या सहज 'ने की' का म्हणाले होते ते ऋजुताला आत्ता समजलं. काढलेल्या कर्णिका भराभर कानांत परतल्या. एक चप्पल चौथऱ्यावर येऊन पडली. कुणीतरी भोंग्याची तार ओढली आणि माईक मेला.

तेवढ्यात समिधा चौथऱ्यावर चढली. 'समिधा, समिधा' असा गजर उसळला. तिने दोन्ही हात वर केले, तरी तो थांबेना. तिच्यावरच्या प्रेमाने लोक तिलाच बोलू देत नव्हते. शेवटी तिने छाती भरून श्वास घेतला, गौतमीताईंकडे बघितलं आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली.

ऋजुताच्या कानात ते कुणी शेजारी बसून सांगितल्यासारखं आलं.

"दम तुटला नव्हता."

एवढ्या गोंगाटात इतकं स्वच्छ कसं, हा प्रश्न तिच्यातल्या ध्वनितज्ज्ञाला पडायला हवा होता. पडला नाही. तिला फक्त लिफ्टमधली अक्षरं दिसली, गणवेशातली जुई दिसली, आणि शांतपणे मटार सोलणारी ही बाई. हिच्या एका शिटीपायी माझ्या पोरीची शाळा ओळखायला निघालेत लोक. आणि ही म्हणते, दोन हातांवरून कळतं! तिने जुईला हिसका देऊन आपल्याकडे ओढलं. ताईंच्या हातातून जुईची बोटं निसटली. ऋजुता मागे सरकली, एक पाऊल, मग आणखी एक.

चौथऱ्यावर समिधा आता जिवाच्या आकांताने मान हलवत होती, हात हलवत होती: नाही, नाही, असं नाही. ते बघून मैदान आणखीच पेटलं. "नव्हता! नव्हता! नव्हता!"

"आई, दुखतंय," जुई म्हणाली. तिला बारा वर्षांची होईपर्यंत कर्णिका मिळणार नव्हती. तिने आईची ओढणी खाली ओढली आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आत्याला का सोडलंस? समिधादीदी होता म्हणाली!"

"काय?"

"होता! दम तुटला होता, म्हणाली! मी तिच्या पायाशीच होते ना!"

ऋजुताने कर्णिका उपटून काढली. मैदानाचा खरा आवाज अंगावर आला, खडी ओतल्यासारखा, आणि त्यात एकही शब्द नव्हता. समिधाचे ओठ हलत होते. पुढची रांग दोरीखालून वाकून येऊ लागली होती. पोलीस झाडाखालून निघाले होते, पण कुणाला अडवायचं याबद्दल त्या दोघांतच काही बोलणं चाललं होतं.

गौतमीताई गर्दीकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"तुला काय ऐकू आलं, ऋजुता?"

"होता," ऋजुता म्हणाली. आणि लगेच जोरात, "होता, ताई! होता म्हणाली ती!"

गौतमीताई तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या.