नाव घातलेला डबा

डबा हरवल्याचं मला दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी कळलं. मी दुकानात एक सबमर्सिबल मोटार उघडून बसलो होतो. फोन वाजला. सुरतेच्या कुणा खेळाडूनं लिहिलं होतं – जागा नीट शोधली, दगड उचलून पाहिला, डबा नाही.

मी ते तीनदा वाचलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

मी राजेंद्र. शहाद्याला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. माझी बायको सीमा, हिला फोनवरून एका खेळाचा नाद लागला होता. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एक डबा लपवतो आणि ती जागा नकाशावर टाकतो. दुसरा कुणी शोधत येतो, डब्यातल्या वहीत नाव लिहितो आणि डबा होता तिथेच ठेवून जातो.

"मग मिळतं काय?" मी विचारलं होतं.

"डबा मिळतो," ती म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही काठी गावची होळी बघायला गेलो. परत येताना मोलगीच्या घाटात तिनं स्वतःचा डबा लपवला. त्याआधी वाटभर आमचं भांडण झालं होतं. तिला जैसलमेरला जायचं होतं. वाळवंटातल्या त्या एका गावात नऊ डबे होते, नकाशावर नऊ हिरवे ठिपके. ती दोन वर्षं मागे लागली होती आणि मी दोन वर्षं 'बघू' म्हणत होतो. उन्हाळ्यात मोटारी जळतात, हिवाळ्यात गव्हाला पाणी असतं, पावसाळ्यात पूर येऊन मोटारी बुडतात. त्या दिवशीही मी 'बघू' म्हणालो. ती गाडीवरून उतरली, माझ्याकडे पाठ करून एका दगडावर बसली आणि वहीच्या पहिल्या पानावर बराच वेळ लिहीत राहिली.

"काय लिहिलंस?"

"ज्याला सापडेल तो वाचेल."

त्याच भाद्रपदात ती डेंग्यूनं गेली. नऊ दिवसांत.

त्यानंतर मी त्या घाटात कधी गेलो नाही. तिच्या हातचं ते एकच पान होतं, जे मी वाचलेलं नव्हतं. त्यात आमचं भांडण असणार, मी असणार, माझं 'बघू' असणार, याची मला खात्री होती. वाचायची हिंमत नव्हती. पण डबा तिथे आहे एवढ्यावर माझं भागत होतं. आता तोही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मोटारसायकल काढली. एसटी मला लागते, मळमळतं. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट. दगड जागेवर होता. खाली डब्याच्या आकाराचा कोरडा गोल होता आणि त्यात मुंग्या.

थोडं वर एक बाई शेळ्या चारत होती. दिवलीबाई तिचं नाव. मी काय शोधतोय ते तिला लगेच कळलं, कारण डबा तिनंच उचलला होता. अर्धी मराठी, अर्धी आपली बोली, असं करत तिनं सांगितलं. कुणीतरी जेवणाचा डबा विसरून गेलं असं तिला वाटलं. आत भाकरी नव्हती, वही होती. तिला वाचता येत नाही, पण झाकणावर नाव घातलंय एवढं कळलं. मग बाजाराच्या दिवशी ती अक्कलकुव्याला भांड्यांच्या दुकानात गेली आणि डबा तिथे देऊन आली. नावं तिथेच घालतात, तर कुणाचं ते त्यांना माहीत असणार.

"नावाचा डबा कोण ठेवून घेतं?" ती म्हणाली. "घरची बाई शोधत असेल ना."

मी मान हलवली. ते नाव माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डबा मीच दिला होता, झाकण घट्ट आहे म्हणून. सीमाला तो माहेरहून आला होता, आणि तिचं माहेर अक्कलकुव्याचंच.

भांड्यांचं दुकान बाजारपेठेत होतं. गादीवर चंपालालशेठ पेपर वाचत बसले होते. आत त्यांची मुलगी एका गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलत होती. "मावशी, हाई पातेलं ली जा. ते दुसरं पातळ शे." मग माझ्याकडे वळली आणि एकदम पुस्तकातली मराठी बोलली.

"काय दाखवू?"

"डबा."

"किती किलोचा?"

"माझाच... हरवलेला."

तिनं मला खालून वर पाहिलं. माझ्या बुटांना घाटातला मुरूम लागलेला होता.

"नाव?"

"राजेंद्र."

"डब्यावरचं विचारलं."

"सीमा."

"अच्छा," ती म्हणाली आणि हसू दाबलं. "म्हणजे 'बघू' म्हणतात ते तुम्हीच."

तिनं पान वाचलं होतं. वाचणारच, डबा तिच्याकडेच तर आला होता. तिनं तो वरच्या फळीवरून काढला. दोन कुकरच्या मध्ये ठेवला होता. झाकणावर बोट ठेवून म्हणाली, "हे अक्षर माझं आहे. लग्नाची ऑर्डर होती. पन्नास भांड्यांवर एका दिवसात नावं घातली होती, म्हणून 'मा'चा काना वाकडा आलाय. तीन आठवडे वाट बघतेय. सीमाताईंना सांगा, डबा सुखरूप आहे."

"ती... नाही आता," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली."

तिचं हसू गेलं. मग ती म्हणाली, "बसा. चहा सांगते."

चहा आला. डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता. मी त्याला हात लावला नाही.

"एकच सांगा," मी विचारलं. "ज्याला सापडेल तो वाचेल, एवढंच ती मला म्हणाली होती. फार वाईट लिहिलंय का?"

"तुम्ही वाचलं नाही?"

"नाही."

"मग मी कशी सांगू? ज्याला सापडेल तो वाचेल, असा नियम आहे ना तुमचा?" पण ती हे मऊ आवाजात म्हणाली. "घरी न्या. वाचा सावकाश."

"आज नको. तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या बाजाराला येतो."

तिचं नाव फाल्गुनी.

पुढच्या बाजाराला मी गेलो. नुसतं जाऊन उभं राहणं बरं दिसेना, म्हणून एक वाटी घेतली. त्याच्या पुढच्या बाजाराला आणखी एक. ती दर वेळी डब्याकडे बघून विचारायची, "आज?" मी म्हणायचो, "पुढच्या खेपेला." ती वाटी कागदात गुंडाळायची आणि गुंडाळताना हळू हसायची. आठवडाभर मोटारींत तांब्याची तार भरताना मला ते हसू आठवायचं आणि एखादा वेढा चुकायचा.

चंपालालशेठ पेपराच्या वरून बघायचे. "शहादामा वाट्या मिळतस नही का, भाऊ?"

"मिळतात शेठ. पण जाड नसतात."

चौथ्या वाटीला तिचं नाव घालायचं मशीन अडखळत होतं. मी काउंटरवरच उघडलं. आतली कॉइल जळत आली होती. शहाद्याला नेऊन नवी भरून आणली. तिनं सुई एका जुन्या ताटलीवर टेकवली. मशीन गुणगुणत चाललं, एक सरळ रेघ उमटली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "गुणी शेतस तुम्ही."

माझ्याशी ती पहिल्यांदा अहिराणी बोलली होती. तिच्याही लक्षात आलं. तिनं मान खाली घातली आणि ताटलीवर उगाच आणखी दोन रेघा ओढल्या.

तिच्याबद्दल मी विचारलं नव्हतं. सहाव्या वाटीला तिनंच सांगितलं. "मला सुरतेला दिलं होतं. दीड वर्षात परत आले."

"का?"

"दुकान पसंत पडलं नाही." थोडं थांबून म्हणाली, "मालक तर मुळीच नाही."

मला हसू आलं. सीमा गेल्यापासून मी लोकांसमोर हसताना आधी आजूबाजूला बघायचो. त्या दिवशी विसरलो.

आठव्या वाटीला तिनं डबा खाली काढला आणि उघडला. वही बाजूला ठेवून आतला दगड माझ्या तळहातावर ठेवला. सुपारीएवढा, गुळगुळीत. प्रकाशा गावी तापीच्या काठी सीमानं उचललेला.

"हा जैसलमेरला जायचा आहे. एवढं तरी सांगायला हरकत नाही," फाल्गुनी म्हणाली. "त्याचं काय करणार?"

"ब–" मी थांबलो.

"बोला ना."

"जायला पाहिजे," मी म्हणालो.

तिनं कुकरचं रिकामं खोकं फाडलं आणि त्याच्या पाठीमागे लिहायला घेतलं. तिचं आजोळ जैसलमेरचं. किल्ल्यातल्या गल्ल्या तिला पाठ होत्या. मी फोनवर ठिपके दाखवत गेलो आणि ती प्रत्येकाला नाव देत गेली. हा तलावाच्या पायऱ्यांपाशी. हा मामाच्या गल्लीच्या टोकाला, तिथे नेहमी एक गाय बसलेली असते, डबा तिच्या खाली नसला म्हणजे मिळवलं. हे दोन वाळूत, गावाबाहेर, तिथे दुपारी जायचं नाही.

"मे महिना?" मी विचारलं. "मे महिन्यात गहू निघालेला असतो, मला जरा –"

"मे महिन्यात दगड हातात धरवणार नाही तुम्हाला. फेब्रुवारी."

"फेब्रुवारीत गव्हाला शेवटचं पाणी..."

ती पेन खाली ठेवून नुसतीच बघत राहिली. डोळे तपकिरी होते, हे मला तेव्हा दिसलं.

"फेब्रुवारी," मी म्हणालो.

तिनं लिहिलं. नंदुरबारहून सुरत, सुरतेहून जोधपूर, जोधपूरहून जैसलमेर. पाण्याच्या दोन बाटल्या. टोपी. नऊ डब्यांपैकी कुठल्या एकात दगड ठेवायचा, ती जागा तिनं कोरी सोडली.

दहाव्या बाजाराला मी गेलो नाही. मोटारी होत्या, पण ते कारण नव्हतं. घरी सीमाच्या फोटोसमोर वाट्या मांडून बघितल्या आणि मला लाज वाटली. पान न वाचता मी दुसरीच्या दुकानात चकरा मारत होतो. म्हणून त्याच्या पुढच्या बाजाराला गेलो तो ठरवूनच. दोन वाट्या एकदम घेतल्या, चुकलेली आणि त्या दिवसाची, आणि म्हणालो, "आज."

तिनं फळीवरून डबा काढला. वही उघडून पान माझ्यासमोर धरलं.

सीमाचं तिरपं अक्षर.

"ज्याला डबा सापडेल त्यानं आधी पाणी प्यावं, घाट चढून आलाय. आतला दगड तापीतला आहे. तो जैसलमेरला न्या, तिथल्या कुठल्याही डब्यात ठेवा. आमच्यानं होईल असं वाटत नाही. माझा नवरा 'बघू' म्हणतो. पण तो लोकांच्या मोटारी चालू ठेवतो म्हणून कुणाची केळी वाळत नाहीत, तेव्हा त्याला बोलू नका. बोलायचं काम माझं आहे. दगड न्यायला त्याला सोबत घेतलंत तर खिडकीची जागा द्या. त्याला गाडी लागते. – सीमा"

मी दोनदा वाचलं. भांडण नव्हतं त्यात. मला वाटलं होतं ती पाठ करून रागानं लिहितेय, आणि ती माझ्यासाठी खिडकी मागत होती. तीन वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी अलगद उचलावं तसं झालं. मी तिथेच स्टुलावर बसलो. रडलो थोडा. मग खोल श्वास घेतला.

फाल्गुनीनं पाण्याचा पेला पुढे केला. "आधी पाणी प्यावं, असं लिहिलंय."

मी प्यालो.

"गाडी बघितली मी," ती हळू म्हणाली. "तीन जागा. खिडकी तुमची. मधली आईची. कडेची माझी."

"तुम्ही... येणार?"

"आईला भावाकडे जायचंच आहे. तिला सगळं माहीत आहे. खाकरे किती घ्यायचे एवढंच विचारलं तिनं." ती काउंटर पुसायला लागली. तो पुसलेलाच होता. "आणि परत आल्यावर?"

मी तोंड उघडलं. तिनं बोट वर केलं.

"तो शब्द सोडून बोला."

मी विचार केला. बाहेर तळोद्याची एसटी वळत होती. चंपालालशेठ गादीवर पेपर तोंडावर घेऊन डुलकी काढत होते.

"घरी अकरा वाट्या झाल्या," मी म्हणालो. "एकट्याला फार होतात. दोघांना... चालतील."

फडकं थांबलं. ती वळली, फळीवरून एक वाटी काढली आणि कागदात न गुंडाळता तशीच माझ्या हातात ठेवली. तिची बोटं क्षणभर तिथेच राहिली.

"मंग बारावी बी ली जा," ती म्हणाली.

गेल्या रविवारी आम्ही घाटात जाऊन डबा परत दगडाखाली ठेवला. नाव तसंच आहे. दिवलीबाईला सांगून आलो, हा इथलाच आहे, राहू द्या. तिनं फाल्गुनीकडे बघितलं आणि म्हणाली, मिळाली म्हणजे घरची बाई.

तिकिटं झाली आहेत. फेब्रुवारीची अकरा तारीख. दगड माझ्या खिशात आहे. कुठल्या डब्यात ठेवायचा ते अजून ठरलेलं नाही, बाराव्या वाटीवर नाव घातलेलं नाही, आणि चंपालालशेठना अजून कुणीही काही सांगितलेलं नाही.