आबांना न सापडणारं बटण

बटण पडद्यावर होतं. मोरपंखी रंगाचं, चांगलं तळहाताएवढं. मंजुळाला ते स्वच्छ दिसत होतं. पण तिच्या आबांनी, म्हणजे आजोबा रंगनाथबुवांनी, त्यावर बोट ठेवलं की यंत्र म्हणायचं, "इथे काही नाही."

"परत एकदा बघा ना, आबा."

"बघायला डोळे असते तर तुझं यंत्र कशाला लागलं असतं, मंजे?" बुवा हसले, पण हसू ओठांवरच राहिलं.

ही गोष्ट आहे २०६४ सालची. बुवांची दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी कीर्तन थांबलं नव्हतं. सगळी आख्यानं मुखोद्गत होती. मागच्या आजारपणानंतर मात्र मधलं पद निसटू लागलं. वाघेऱ्याच्या देवळात ते भर उत्तररंगात (कीर्तनातल्या कथेच्या भागात) थबकले आणि श्रोत्यांतल्या कुणीतरी ओळ पुढे म्हटली. घरी आल्यावर बुवांनी चिपळ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. "कुसगावला शब्द दिलाय, तेवढं कीर्तन करतो. मग देवाला म्हणतो, सेवा इथवरच."

मंजुळा बारा वर्षांची, शाळेच्या हौशी प्रोग्रामर मंडळातली. ते ऐकून ती कामाला लागली. दोन महिने खपून तिने 'साथ' नावाचा प्रोग्राम लिहिला. 'पुढचं चरण' हे बटण दाबलं की पुढची ओळ बुवांच्या कानात हळूच सांगितली जाणार. बुवा चिपळ्या आणि उपरण्याखेरीज बरोबर काही नेत नसत. ज्या देवळात जातील तिथल्याच यंत्रावर 'साथ' चालायला हवी होती, आणि दर देवळातलं यंत्र वेगळं.

कुसगावचं कीर्तन चार दिवसांवर आलं, तेव्हा ती शाळेतल्या यंत्रमानवाकडे गेली. त्याचा क्रमांक नऊ, म्हणून सगळे त्याला नऊमास्तर म्हणत.

"पडदासंच कोणता घेतलास?" मास्तरांनी विचारलं. मुलांनो, पडदासंच म्हणजे बटणं, याद्या, खिडक्या यांचा आयता साठा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्यातून हवं ते उचलायचं.

"रंगावली. तो सगळ्या यंत्रांवर चालतो, मास्तर. आणि सगळीकडे अगदी एकसारखा दिसतो!"

"एकसारखा का बरं दिसतो?"

मंजुळाने डोकं खाजवलं. "कारण... तो बटण स्वतःच रंगवतो."

"मग यंत्राला ते काय वाटत असेल?"

ती हळूच म्हणाली, "नुसतं चित्र."

"बरोबर. प्रत्येक यंत्राच्या कार्यप्रणालीकडे (यंत्राचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रामकडे) आपली स्वतःची बटणं असतात. न दिसणाऱ्यांसाठी पडदा वाचून दाखवणारा वाचक त्या बटणांना ओळखतो. दुसऱ्या प्रकारचा संच यंत्रालाच सांगतो, 'इथे तुझं एक बटण दे.' ते कुठे गोल येतं, कुठे चौकोनी. काही संच रंगवतात स्वतः, पण वाचकाला आठवणीने कळवतात की हे बटण आहे. तुझा कळवत नाही. खेळ करायचा असता, तर मीच म्हटलं असतं, रंगावली घे."

"मग आता कोणता घेऊ?"

"ते कसं सांगू? कुणासाठी लिहितेस, ते तुला ठाऊक."

मंजुळा घरी आली ती तोंड पाडून. ती मोरपंखी बटणं मोडायची तिची काही तयारी होईना. बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

"काही बुवा आपला पेटीवाला, तबलजी बरोबर घेऊन फिरतात," ते म्हणाले. "गाणं सगळीकडे घोटीव होतं. मी मात्र गावचीच साथ घेतो. कुठे पेटी बेसूर असते, कुठे तबलजी पळत सुटतो. पण वाघेऱ्याच्या टाळकऱ्याला माहीत असतं, की खांबाजवळ बसणाऱ्या गोदाकाकूंना कमी ऐकू येतं. तो त्यांच्याकडे वळून टाळ वाजवतो. बाहेरून आणलेल्या साथीदाराला कोण गोदाकाकू?"

"आबा," मंजुळा म्हणाली, "माझ्या गोदाकाकू तुम्हीच आहात."

"घ्या! म्हातारा होतो, तर म्हातारी केलंस मला."

तिने डोळे पुसले, मग मोरपंखी बटणं पुसली आणि तीन दिवसांत 'साथ' यंत्राकडूनच बटण मागणाऱ्या संचावर चढवली.

कुसगावच्या देवळातलं यंत्र तिने कधी पाहिलं नव्हतं. त्यावर बटण आलं ते राखाडी, चौकोनी, अगदी बेंगरूळ. क्षणभर तिला लाज वाटली. बुवांनी बोट फिरवलं. वाचक त्यांच्या कानात म्हणाला, "बटण. पुढचं चरण." बुवांनी मान डोलावली आणि अंगावरचं उपरणं सारखं केलं.

संध्याकाळी कीर्तन रंगलं. उत्तररंगात भक्त देवाला हाक मारतो, त्या जागी बुवा थांबले. एक श्वास, दोन श्वास. मंजुळाने हात घट्ट जोडले. बुवांचं बोट पडद्यावर सरकलं. मग चिपळ्या वर उठल्या आणि ते पद असं काही सुटलं, की सभामंडपातल्या लोकांना वाटलं, बुवा हाकेला ओ यायची वाट पाहत थांबले होते.

आरतीनंतर पाटगावचे विश्वस्त पुढे आले. "बुवा, पुढल्या महिन्यात आमच्याकडे यायचं."

बुवांनी चिपळ्या हातातच ठेवल्या. मग म्हणाले, "मंजे, यांच्या देवळात यंत्र कसलं आहे ते विचारून घे."

"ते कशाला, आबा?" मंजुळा म्हणाली. "मी तारीख विचारते."