दोनशे चौदा नंबरची सही

दार लोटून घे, मनिष, अन् तो मोबाईल उपडा ठेव. भुताची गोष्ट पाहिजे म्हणता, तर मले एकच येते. ती खेमराजची आहे. आपल्या ग्रामपंचायतीचा जुना चपराशी, काठी टेकत जाते तो. माह्या लहानपणचा सोबती. त्याले विचाराले जाऊ नका, तो सांगत नाही. मीही आजवर सांगितली नाही. मी चौथी शिकलेला माणूस, मले सजवून बोलता येत नाही. जशी झाली तशी ऐका.

काम साधं होतं. सह्या गोळा कराच्या होत्या.

बसस्टॉपच्या मागं सरकारी जागा आहे न, जिथं साऱ्यायच्या तणशीचे ढीग अन् शेणखताचे उकिरडे आहेत, तिच्यासाठी पोलीसवाल्यायचं पत्र आलं. या भागातले तीन शिपाई गडचिरोलीकडं ड्युटीवर मेले, त्यायचं स्मारक तिथं करू द्या म्हणे. दहा गुंठे. एक चबुतरा, एक दगड, दगडावर तीन नावं. तिघातलं एक आपल्याच गावचं. सत्यभामाबाईचा पोरगा धर्मेंद्र. सुरुंगात गेला. घरी आणला तवा पेटी उघडू देली नाही.

तवा सारा गाव रडला. मीही रडलो. पण पत्र आलं तोवर रडणं सरलं होतं. त्या दहा गुंठ्यातले तीन मी दाबून बसलो होतो. तणीस, बैलायचा कोठा, अन् मागं एक मोरी काढली होती. दुसऱ्यायचेही ढीग होते, पण मी तवा पंचायतीत मेंबर, अन् तोंड माहं चालत होतं. ग्रामसभेत उभा झालो अन् म्हटलं, "मेलेल्याले जागा देता, मग जित्या बैलायनं कुठी बसावं?" लोक हासले. ठराव झाला, जागा देऊ नये.

सभेले माणसं आली एक्केचाळीस. कागदावर शंभर लागतात. हे नेहमीचंच आहे. मंग चपराशी रजिस्टर घेऊन घरोघर फिरते, लोक ओट्यावर बसल्या बसल्या सही करतात, कोणी वाचत नाही. बुधवारी दहा वाजता कागद तहसिलीत पोहोचवाचा होता.

खेमराज अडला. मले म्हणे, "भय्याजी, सत्यभामाबाईच्या घरी मी नाही जात."

"काहून गा? तिचं नाव यादीत नाही का?"

"तिले काय सांगू?"

"सांग, स्मारकाचा कागद आहे. खोटं आहे का? स्मारकाचाच तर आहे."

"तुह्या जिभेले काही लाज?"

"तू चपराशी आहेस, खेमराज. चपराश्यासारखा राह्य."

असं बोललो मी. ज्याच्यासंग तळ्यात पोहलो, त्याले.

गेला बिचारा. बाईनं गुळाचा चहा पाजला. अंगठा देला. अन् विचारते काय, "नाव खोल कोरतील न गा? मले वाचता येत नाही. हात फिरवून पाहाले आलं पाहिजे."

खेमराज हो म्हणून आला.

ती रात्र सांगतो. बारा डिसेंबर, सन दोन हजार तेवीस. मंगळवार. अमावस्या. धान घरात आलं होतं, थंडीनं गाव आठलेच दारं लावून मोकळा. शंभराले अजून तेवीस कमी होते. अर्धे लोक नागपूर-पुण्याले कामावर, त्यायच्या सह्या आणाच्या कुठून? खेमराज साडेअकराले पंचायतीच्या खोलीत जाऊन बसला. आतून कडी लावली. मतदारयादी समोर, एक काळा पेन, एक निळा. एक नाव वाचे, एक सही मारे. कवा तिरपी, कवा उभी. नाव डोळ्यानं वाचत होता, पण डोक्यात शिरत नव्हतं.

तेवीसही झाल्या. शंभर पुरे झाले. तो बोट ठेवून मोजून राहिला होता.

"काका, माही सही राह्यली."

खेमराजनं मान वर नाही केली. "नंबर सांग."

"दोनशे चौदा."

त्यानं पान उलटलं. "तुही झाली गा. हे काय, निळ्यानं आहे."

"मी नाही केली..."

तवा खेमराजचं बोट यादीवर गेलं. दोनशे चौदा. नाव वाचलं. मेलेल्याचं नाव यादीतून कोणी काटलं नव्हतं. त्याची सही यानंच मारली होती, दहा मिनिटाअगोदर.

अन् आवाज... आवाज त्यानं ओळखला. पोलीस भरतीच्या वेळी रहिवासी दाखल्यासाठी तीन दिवस हाच पोरगा त्या टेबलापुढं उभा राहत होता. असाच बोले. हळू. काका, काका करून.

खेमराजनं वर पाह्यलं नाही. टेबलाच्या काठापर्यंतच पाह्यलं. तिथं खाकी बाही होती. बाहीत हात आहे का नाही... ते त्याले समजलं नाही.

"कायचा कागद आहे, काका?"

खेमराजनं रजिस्टर आपल्याकडं ओढलं.

"वाचून दाखवा न."

वाचला. काय करन? "सदर जागा गावकऱ्यायच्या उपयोगाची असल्याने... स्मारकासाठी देण्यास..."

थांबला.

"पुढं?"

"...विरोध आहे."

"पुढं?"

"सर्वानुमते मंजूर."

ट्यूबलाईटची घरघर. बाकी काही नाही. कुत्रं नाही. वारा नाही.

"आईनं... अंगठा देला?"

खेमराजनं कागदावरच्या अंगठ्यावर तळहात ठेवला. झाकला. "तिले मी सांगतलं नाही, बाबू. तिले मी उलटंच सांगतलं."

...

खेमराज म्हणते, त्यानं शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं. गळा धरला असता तर बरं झालं असतं.

"साऱ्या गावाचं म्हणणं आहे, तर... मी एकटा नाही कायले म्हणू?"

...

"पेन द्या, काका."

पेन खेमराजच्या बोटातून गेला. कागदावर खरखर झाली. थांबली.

मंग खेमराजनं वर पाह्यलं. कोणी नाही. दार लावलेलं. कडी आतून, जशीच्या तशी.

रात्री दीडले माह्या दारात उभा. अनवाणी. रजिस्टर छातीशी धरलेलं. सारं सांगतलं. मी म्हटलं, "बिडीत काय भरून पेला?" त्यानं रजिस्टर माह्या पायापाशी टाकलं. "मी नेत नाही. तू ने."

तो गेल्यावर मी दिवा लावून पाह्यलं. दोनशे चौदासमोर खेमराजची निळी सही होती, तिच्यावर एक सरळ रेघ. खाली दुसरी सही. सुरेख. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. त्याच्याखाली पोलीसातला बक्कल नंबर. तो नंबर गावात कोणाले माहीत? मले नाही. खेमराजले नाही.

एक पान फाडलं असतं तर झालं असतं. चूल समोर होती. त्याची सही काढली तर नव्व्याण्णव होत होत्या, कागद तिथंच मेला असता. मी रात्रभर ते पान मांडीवर घेऊन बसलो. सकाळी कोठ्यातले बैल पाह्यले... अन् मोटरसायकलले किक मारली. वाटेत तीनदा थांबलो. फिरलो नाही. तहसिलीतल्या बाबूनं मोजलं, शंभर भरले, झेरॉक्स ठेवून रजिस्टर परत देलं. जागेची गोष्ट तिथंच सरली. त्या पोरानं आपलाच दगड अडवला, अन् त्याच्या हातात पेन देणारे आम्ही.

काय म्हणतं, मनिष? बाईले सांगतलं का?

नाही सांगतलं. दर पोळ्याले भेटते. विचारते, "भय्याजी, दगड कवा लागन?" मी म्हणतो, लागन. ती माह्या बैलायले ओवाळते अन् जाते. ते बैल त्याच जागेवर बांधले असतात.

यंदा सव्वीस जानेवारीच्या सभेत काही जुना ठराव पाहाचा होता. ते रजिस्टर निघालं. खेमराजनं हात लावला नाही, म्हणून पानं मी उलटली. ते पान आलं. सह्या साऱ्या फिक्या पडल्या होत्या, माहीही. दोनशे चौदाची तेवढी चमकून राहिली होती. मले वाटलं, उजेडानं. बोट टेकवलं.

शाई ओली होती.