‘ते’ म्हणजे काय?

"‘त’वरून शब्द सांग! लवकर!" ताई ओरडली.

सुट्टीत ती आणि धाकटा भाऊ टिल्लू मामाकडे आले होते. तिसरी भिडू मामाची मुलगी चिमणी. पण आज चिमणीचं लक्षच नव्हतं. पुढच्या खोलीत मामा खेळणी खोक्यांत भरत फोनवर दबक्या आवाजात बोलत होता. "हो हो, ते आजच जाईल."

"बाबा हल्ली सारखं ‘ते’ म्हणतात," चिमणी कुजबुजली. "‘ते’ काय, विचारलं की खेकसतात."

मामा चिकटपट्टी आणायला बाजारात गेला, तशी तिघं खोलीत शिरली. एका खोक्याला बारीक भोकं होती!

"खेळण्यांना हवा कशाला?" टिल्लू म्हणाला.

ताईने खोकं उघडलं. आत गुंडाळलेले मोजे. त्यातला एक हलला!

"अगं बाई! कासव!"

मुठीएवढं पिल्लू, पाय चिकटपट्टीने आवळलेले. एकूण तेवीस. दोन हलतच नव्हती.

चिमणीने मागच्या खोलीतून आजोबांना हाताला धरून आणलं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते खोक्यापाशी बसून एकेक मोजा उघडून बघू लागले.

"आजोबा, असं लपवून पाठवण्याला काय म्हणतात?" ताईने विचारलं.

"तस्करी. तस्कर म्हणजे चोर. जुने पंडित फोड करायचे, तत् म्हणजे ते, कर म्हणजे करणारा. ‘ते’ करणारा. काय, ते बोलायचीही लाज वाटावी, असं काहीतरी."

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. माल न्यायला गाडी आली! आता?

चिमणी डोळे पुसून दारात गेली. "काका, पत्ते चुकलेत! बाबांनी तासाभराने बोलावलंय!"

गाडी निघून गेली. आजोबांनी फोन लावला. "वनखातं का? माझ्या मुलाच्या घरी या."

मामा आणि वनखात्याची जीप एकदमच दारात आली. उघडं खोकं पाहून मामा भिंतीला टेकला.

वनअधिकारी बाईंनी कात्रीने एकेक पट्टी कापली. एकवीस पिल्लं जगली. "शाब्बास पोरांनो! काय डोकं लढवलंत!"

टिल्लू हसणार होता, पण चिमणीकडे बघून गप्प झाला. मामाला जीपकडे नेत होते. ती मागोमाग धावली.

"बाबा, गाडी मीच परत पाठवली."

मामाने वळून तिच्याकडे पाहिलं.

"बरं केलंस," तो म्हणाला आणि जीपमध्ये चढला.