पाचवी खुर्ची

प्राचीन ग्रीकच्या वर्गात आम्ही तिघंच होतो. मी, एक निवृत्त इंजिनिअर ज्यांना सगळे काका म्हणायचे, आणि एक लुकडा मुलगा, चष्मिष. शिकवायला बाई. विद्यापीठाच्या ग्रंथालयावरच्या खोलीत गोल टेबल होतं आणि खुर्च्या पाच होत्या. पाचवी चष्मिषच्या आणि माझ्या मध्ये, तिच्यावर बाई छत्री ठेवायच्या.

पद्धत ठरलेली. प्रत्येकाने पाळीपाळीने दोन वाक्यं ग्रीकमधून वाचायची आणि लगेच अर्थ सांगायचा. मी आपल्या वाट्याला कोणती वाक्यं येणार ते आधीच मोजायचे आणि घरून तेवढीच घोकून यायचे. बाकीचं पान म्हणजे नुसत्या मुंग्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! आई तर येईल त्याला सांगायची, "आमची ही तत्त्वज्ञांना त्यांच्याच भाषेत वाचते." मी मान खाली घालायचे आणि आईला तो विनय वाटायचा.

आत्म्यावरचा संवाद सुरू झाला आणि माझं गणित बिघडलं. चष्मिषचं वाचून झालं, मी तोंड उघडणार, तोच माझी वाक्यं कोणीतरी वाचली. शांत, बायकी आवाज. अर्थही सांगितला.

"सुरेख," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पुढे."

पुढचं मला कुठे येत होतं! मी अडखळले. काका भलेपणाने खिडकीबाहेर बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनीच वाचून दाखवलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण पुढच्या तासालाही तेच. या वेळी मी नीट पाहिलं. पाचवी खुर्ची रिकामी होती आणि बाईंनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली होती. आवाज त्या खुर्चीतूनच आला. अर्थ सांगताना शब्द माझे होते, मी घरी जुळवलेले, जसेच्या तसे.

"हे मधेच कोण वाचतं रे?" जिन्यात मी चष्मिषला विचारलं.

"कोण म्हणजे? तुझ्याच शेजारी बसते की." मग जरा अवघडून म्हणाला, "तिच्याकडून शिकून घे ना थोडं. राग नको मानूस."

मी पुढची वाक्यंही तयार केली. तिने तीही वाचली. अख्खं पान पाठ केलं, तर त्या दिवशी बाईंनी तिला अख्खं पान वाचू दिलं. तास संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं.

"शुक्रवारी शेवटचं ऐकते. नाही जमलं तर वर्ग सोड. तुझ्या आईशी मी बोलेन."

आईशी!

शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि पाचव्या खुर्चीत जाऊन बसले.

बैठक उबदार होती.

पाळी आली. मी वाचू लागले. कधी न पाहिलेली वाक्यं मला लख्ख कळत होती. एकदाही अडले नाही. इतका आनंद मला त्या खोलीत कधी झाला नव्हता.

"सुरेख." बाई माझ्या जुन्या खुर्चीकडे वळल्या. "पुढे."

तिथे कोणीच नव्हतं.

बाई वाट पाहत राहिल्या. काकांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"असू दे," शेवटी बाई हळूच म्हणाल्या. "रडू नकोस. घरी जा."

दार उघडलं आणि मिटलं.

तास संपताच मी जवळजवळ धावतच घरी गेले. आईने दार उघडलं. डोळे सुजलेले होते, तरी परक्यांसाठी हसतात तशी ती हसली.

"तिच्या शेजारी बसणारी हुशार मुलगी तूच ना? ये, बाळ. बाईंचा फोन आला होता. पोरगी लाजेने तोंड दाखवत नाहीये बघ."

आतून हुंदके ऐकू येत होते. आई माझा हात धरून मला खोलीपाशी घेऊन गेली.

"अगं, बघ तरी कोण आलंय."

हुंदके थांबले.