एका बाजूला वाकलेलं रोप

ट्रकच्या कॅबिनमध्ये पुढच्या काचेपाशी ऑइलचा कापलेला डबा होता, आणि त्यात मिरचीचं रोप. आत्या पायरीवर चढून आत डोकावली आणि त्या रोपाकडेच बघत राहिली.

रोप सगळंच्या सगळं डावीकडे वाकलं होतं.

"हे कोणाचं?"

"आधीच्या ड्रायव्हरचं," खाली उभा असलेला मॅनेजर म्हणाला. "पळून गेला. चार दिवस झाले."

"अंथरूण, पातेलं, रोप टाकून?"

"डिझेल चोरलं होतं, थांबतोय कशाला? किल्लीसुद्धा घेऊन गेला. दाराचं कुलूप फोडावं लागलं, आजी."

"आजी तुझ्या घरी. मला आत्या म्हणतात."

तिच्याबरोबर आलेल्या भाच्यानं मान खाली घातली. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण आत्या कुठंही तोंड उघडायची म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. या गाडीवर नोकरी त्याची ठरत होती. किलोमीटरला दर इतका, की बाजारात दुसरं कोणी त्याच्या दोन तृतीयांशही देत नव्हतं. पाच वाजेपर्यंत सही करायची, नाहीतर माणसं रांगेत उभी आहेत, असं मॅनेजरनं सांगितलं होतं. तीन वाजून गेले होते.

येताना रस्त्यात भाचा एकदाच बोलला होता. "दरात खोट नाही, आत्या. मी गेलो की घर रिकामं होईल, म्हणून तू खोट शोधतेस."

खरं बोलणं कुसळासारखं, दिसत नाही पण टोचत राहतं. आठव्या वर्षी आईबाप गेलेला हा पोर तिनंच वाढवला. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. आता दोन ताटांच्या जागी एक मांडायचं. मांडेल की, त्यात काय! पण फसवून कोणी नेत असेल तर त्याची गाठ तिच्याशी होती.

तिनं गाडी बघायला घेतली. शाळा तिनं दोन वर्षांत सोडली होती, पण नवऱ्यानं तीस वर्षं ट्रक चालवला होता. सुट्टीत ती शेजारी बसून हिंडली होती. गाडी तिला वाचता यायची.

"गाडी किती वर्षांची?"

"तीन."

क्लचच्या पायपट्टीवरचं रबर जवळजवळ कोरं होतं. ड्रायव्हरची सीट फुगलेली. मागची झोपायची गादी मात्र मधोमध खड्डा पडलेली. तिच्यावर घोंगडी होती, लाल लोकरीच्या काठाची, काठ एका कोपऱ्यात उसवलेला. आत्यानं दाराच्या कुलपावरून बोट फिरवलं. ओरखडासुद्धा नव्हता.

"किल्ली बघू."

मॅनेजरनं खिशातून काढून दिली. किल्लीच्या भोकात लाल लोकरीचा धागा बांधलेला होता. आत्यानं ती परत केली.

"गाडी उभी राहिली तर पैसे?"

"उभं राहायचे पैसे जगात कोणी देतं का? आमचा हिशेब किलोमीटरवर."

"महिन्याला फेऱ्या किती?"

"नशिबात असतील तितक्या."

"नशीब तुझ्या टेबलावर असतं वाटतं," आत्या म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

समोर कारखाना होता. लांबून भरून आलेले ट्रक तिथं खाली व्हायचे. फाटकापाशी वजनकाटा आणि काट्यावर एका खिडकीची खोली. आत काटेवाला एकटाच बसला होता. बोलायला माणूस मिळाला म्हणून त्यानं आधी स्टूल पुढं केलं.

"समोरच्या कंपनीची गाडी इथं किती दिवस उभी राहते?"

"नऊ, दहा. एकदा बारा. आमचं गोदाम भरलेलं असतं ना."

"बाकीच्यांच्या?"

"दोन दिवस. त्यांचे मॅनेजर फोनवर बोंबलतात, मग आत घेतात. यांचा मॅनेजर कधीच बोंबलत नाही. गरीब माणूस."

"हो ना," आत्या म्हणाली. "आणि त्यांचा ड्रायव्हर?"

काटेवाल्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "पायरीवर बसायचा. माल भरलेला, गाडी सोडता येत नाही. पहिल्यांदा घरी फोन करायचा, मग तेही कमी केलं. म्हणाला, रोज तेच काय सांगू, उभा आहे म्हणून? शेवटी गाडी खाली झाली तशी समोर कंपनीत नेऊन लावली, किल्ली माझ्याकडे दिली आणि चालत निघाला. मी विचारलं, कुठं? म्हणाला, घर अजून आहे का बघून येतो."

आत्यानं रस्त्यापलीकडच्या त्या गाडीकडे पाहिलं.

"किल्ली तू कोणाला दिलीस?"

"मॅनेजरलाच. त्याच दिवशी."

"गाडी अडकली तर कारखाना काही देतो?"

"देतो की. तिसऱ्या दिवसापासून रोजचं हॉल्टिंग, गाडी थांबल्याची भरपाई. मी चिठ्ठी फाडतो, खिडकीवर पैसे रोख मिळतात. मॅनेजर स्वतः येऊन नेतो. ही बघा, पावतीपुस्तकात त्याची सही."

"हे पुस्तक घे आणि चल माझ्याबरोबर."

ट्रक कंपनीचा मालक ऑफिसच्या वरच्या खोलीत बसायचा. म्हातारा, कानानं अधू, पण डोळे शाबूत. मॅनेजर तिथंच कागद घेऊन उभा होता, भाचा पेन हातात धरून. साडेचार झाले होते.

"थांब," आत्या म्हणाली. "आधी मी बोलते. मोठ्यानं बोलते, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल."

"आत्या, घरी बोलू," भाचा पुटपुटला.

"घरी भिंतींशी बोलायला आयुष्य पडलंय." ती मालकाकडे वळली. "तुमच्या गाडीत एक रोप आहे. माझा नवराही असंच रोप ठेवायचा. चालत्या गाडीत ऊन कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. त्याचं रोप काठीसारखं सरळ वाढायचं. तुमचं एका बाजूला वाकलंय. म्हणजे गाडी दिवसचे दिवस एकाच तोंडानं उभी होती. क्लच कोरा, गादीला खड्डा. ड्रायव्हर चालवत नव्हता, वाट बघत होता."

"गाड्या थांबतातच," मॅनेजर म्हणाला.

"थांबतात. थांबवतातही. बाकीचे बोंबलून गाडी सोडवतात. तू गप्प बसतोस, कारण गाडी जितके दिवस उभी, तितकं हॉल्टिंग. या पुस्तकात तुझ्या सह्या आहेत. मालक, यातलं तुमच्याकडे काय आलं?"

मालकानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. पानं उलटली. "काहीच नाही."

"म्हणून दर मोठा. रस्ता द्यायचाच नाही, तर किलोमीटरचा दर आभाळाएवढा लावायला काय जातं? आंधळ्याला आरसा भेट द्यायचा, तोही सोन्याचा!"

"आणि चोरी? तो किल्ली घेऊन पळाला, त्याचं काय?" मॅनेजरचा आवाज चढला.

"कुलपावर ओरखडा नाही. त्याच्या घोंगडीचा धागा तुझ्या खिशातल्या किल्लीला आहे. किल्ली यानं दिली तुला." तिनं काटेवाल्याकडे बोट केलं. "पळाला म्हटलं की त्यानं कामाला लागताना भरलेली अनामत आणि राहिलेला पगार तुझ्या घशात."

काटेवाल्यानं मान डोलावली. मॅनेजर दाराकडे बघू लागला. दारात आता भाचा उभा होता, आणि तो बाजूला झाला नाही.

मालकानं जुन्या अर्जावरून नंबर काढला आणि आवाज मोठा करून फोन लावला. पलीकडून थकलेला आवाज आला. "डिझेल? डिझेल किती आहे त्याची टाकीवर खूण करून दिली होती मी, साहेब. पगार मिळणार नाही हे धरूनच चाललो होतो." मग जरा थांबून, "रोपाला पाणी घालतंय का कोणी?"

"मी घालते," आत्या म्हणाली.

मालकानं मॅनेजरच्या हातातला कागद काढून फाडला आणि नवा लिहायला घेतला. दर बाजारासारखाच, ना कमी ना जास्त. दोन दिवसांपेक्षा जास्त गाडी थांबली तर हॉल्टिंगचा अर्धा वाटा ड्रायव्हरला. महिन्यातून चार दिवस घर. आत्यानं भाच्याला ते दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं.

वाचून झाल्यावर भाच्यानं तिच्याकडे पाहिलं. "आता गं?"

खोट काढायचीच म्हटली तर अजून एखादी निघाली असती. कशात निघत नाही? तो तिच्यावर विश्वासून पेन खालीही ठेवणार, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आता काय? चोख आहे," ती म्हणाली. "कर सही."

सोमवारी तो गेला. रोपाचा डबा आत्यानं घरी आणून खिडकीत ठेवला होता, वाकलेली बाजू आत, तिच्या खुर्चीकडे करून. दोन आठवड्यांत रोपानं मान फिरवली, खिडकीबाहेर रस्त्याकडे.

"बघ बाबा," ती म्हणाली, "तूही तिकडेच बघ." आणि खुर्ची उचलून तिनं त्याच्या शेजारी ठेवली.